शेतीतील अपघात, अपंगत्व आणि कुटुंबाचा आर्थिक तोल

पिकाचा हिशेब मांडताना बियाणे, खते, औषधे, मजुरी आणि बैलांचा चारा यांची नोंद बहुतेक शेतकरी करतात. पाऊस दगा देईल, भाव उतरतील, कीड पडेल याचीही थोडीबहुत तजवीज मनात असते. परंतु घरातील ज्या दोन हातांवर हा सर्व व्यवहार चालतो, त्यांपैकी एक हात कायमचा निकामी झाला तर काय, हा विचार हिशेबाच्या वहीत सहसा शिरत नाही. मळणीयंत्रात गेलेला हात, कडबा कापण्याच्या यंत्रात तुटलेली बोटे, झाडावरून पडून अधू झालेला कणा, ट्रॅक्टर उलटून चिरडलेला पाय, फुरशाच्या किंवा घोणसाच्या दंशानंतर काढून टाकावे लागलेले बोट, असे प्रसंग कोणत्याही तालुक्याला नवीन नाहीत. घटना घडली की गाव हळहळते, वर्गणी जमते आणि चार-सहा महिन्यांत विषय मागे पडतो. कुटुंबाची खरी घसरण मात्र त्यानंतरच सुरू होते. ती कशी होते आणि कोणत्या टप्प्यावर रोखता येते, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी नीट समजून घेणे आवश्यक आहे.

अपघाताचे नुकसान म्हणजे दवाखान्याचे बिल, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती बरीच अपुरी आहे. एक उदाहरण मांडून पाहू. समजा, चार एकर कोरडवाहू जमीन असलेल्या एका शेतकऱ्याचा उजवा हात फेब्रुवारीत हरभऱ्याच्या मळणीच्या वेळी कोपराखाली तुटला. शस्त्रक्रिया, औषधे, येणेजाणे आणि सोबत्याचा खर्च मिळून ६०,००० रुपये लागले व ते दरमहा शेकडा तीन व्याजाने हातउसने घेतले. हा गृहस्थ वर्षातून १०० दिवस ४०० रुपये रोजाने बाहेर कामाला जात असे. ते ४०,००० रुपये बुडाले. स्वतःच्या शेतात तो सुमारे १२० दिवस राबत असे. ते काम आता गडी लावून करून घ्यावयाचे तर वर्षाला ४८,००० रुपये पडतात. पहिल्या वर्षी त्याच्या शुश्रूषेपायी पत्नीचे ९० दिवसांचे, रोजी ३०० रुपयांप्रमाणे, २७,००० रुपयांचे उत्पन्न गेले. एका हाताने औत धरता येत नाही, म्हणून खरिपापूर्वी बैलजोडी विकली. आलेले पैसे बी-खतात आणि घरखर्चात गेले. आता नांगरट, पाळी व पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरने करावी लागते. बैलांचा चारा वाचला हे खरे, पण तो वजा करूनही वर्षाला २४,००० रुपयांचा नवा खर्च उभा राहिला. कर्जाचे व्याज वर्षाला २१,६०० रुपये.

तीन वर्षांची बेरीज केली तर रोजगाराचे १,२०,०००, गड्यांचे १,४४,०००, पत्नीच्या मजुरीचे २७,०००, ट्रॅक्टरचे ७२,००० आणि व्याजाचे ६४,८०० रुपये होतात. त्यात दवाखान्याचे ६०,००० मिळविले की एकंदर नुकसान ४,८७,८०० रुपये येते. म्हणजे सर्वांच्या नजरेत भरणारे दवाखान्याचे बिल एकूण नुकसानीच्या जेमतेम आठव्या हिश्शाएवढे आहे, आणि मूळ कर्ज तर तीन वर्षांनंतरही जागच्या जागी उभेच आहे. आकडे गावागावांत बदलतील. कोणत्याही कार्यकर्त्याने आपल्या गावचे मजुरीचे दर घालून हा हिशेब पुन्हा करून पाहावा. प्रमाण फारसे बदलणार नाही.

या हिशेबात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. घसरणीतील प्रत्येक पायरी आधीच्या पायरीतून निघते. उपचारासाठी कर्ज होते, कर्जामुळे जनावरे जातात, जनावरे गेली की मशागत महाग होते आणि वेळेवर होत नाही. पेरणी आठ दिवस लांबली की उत्पन्न घटते. उत्पन्न घटले की सोसायटीचे पीककर्ज थकते, आणि मुदतीत फेड केल्यास तीन लाख रुपयांपर्यंतच्या पीककर्जावर मिळणारी व्याजसवलत हातची जाते. थकबाकीदाराला पुढील हंगामात नवे कर्ज मिळणे अवघड, म्हणून तो पुन्हा सावकाराच्या दारात उभा राहतो. शेवटी जमीन अर्धेलीने किंवा खंडाने दुसऱ्याकडे जाते आणि कालपर्यंतचा खातेदार दुसऱ्याच्या बांधावर कामाची वाट पाहू लागतो. कोठेही लबाडी नसते. प्रत्येक निर्णय त्या त्या दिवशी शहाणपणाचाच वाटत असतो.

ही परिस्थिती केवळ आपल्याकडचीच आहे असे नाही. आफ्रिकेतील घाना देशात कुमासी शहर आणि ब्रॉंग-अहाफो प्रांतातील खेडी यांची तुलना करून दुखापतींच्या आर्थिक परिणामांची पाहणी झाली होती. शहरातील जखमींचा उपचारखर्च आणि बुडालेले कामाचे दिवस अधिक होते, तरीही घरातील अन्न कमी होण्याची वेळ खेड्यातील कुटुंबांवर अधिक प्रमाणात आली. घरातील दुसऱ्या माणसाने जखमीचे काम अंगावर घेणे, उसनवार करणे आणि चीजवस्तू विकणे हेच तेथेही तरणोपाय होते. खेड्यातील घराजवळ तोटा सोसण्याची ताकदच थोडी असते, हा त्यातील बोध आपल्या कोरडवाहू भागालाही तंतोतंत लागू पडतो.

मृत्यूपेक्षा अपंगत्वाचा भार कुटुंबावर अनेकदा अधिक पडतो, हे म्हणणे कठोर वाटेल. पण जमाखर्चाच्या दृष्टीने ते खोटे नाही. अपंगत्वात कमावते दोन हात थांबतात, खाणारे तोंड राहते आणि त्याच्या सेवेत आणखी एक माणूस अडकतो. हा दुसरा माणूस बहुधा घरातील स्त्री असते किंवा शाळेत जाणारी मुलगी. मुलीची शाळा सुटली याची नोंद कोणत्याही नुकसानभरपाईच्या अर्जात होत नाही. स्त्री स्वतः जखमी झाली तर नुकसान आणखीच झाकले जाते. पाणी, सरपण, चारा, धारा काढणे, निंदणी ही कामे रोजंदारीच्या भाषेत मोजली जात नाहीत, त्यामुळे ‘तिची मिळकत काय होती?’ या प्रश्नाला घरचेच लोक ‘काही नाही’ असे उत्तर देतात. कार्यकर्त्याने हे उत्तर तसेच लिहून घेऊ नये.

ऊसतोडणी कामगारांची गोष्ट याहून अवघड आहे. बीड, अहिल्यानगर व आसपासच्या जिल्ह्यांतून हंगामाला निघणारी नवरा-बायकोची जोडी ‘एक कोयता’ म्हणून धरली जाते. हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली उचल या जोडीच्या कामातून फिटावयाची असते. दोघांपैकी एकाच्या पायावर कोयता बसला, गाडीखाली हात सापडला किंवा फडात साप चावला, तर मोडतो तो संपूर्ण कोयता. मिळकत थांबते पण उचल अंगावर राहते आणि पुढच्या हंगामाच्या हिशेबात चढते. परगावी अपघात झाल्याने ओळखीचा तलाठी नसतो, पोलीस पाटील नसतो, कागदपत्रे घरी राहिलेली असतात. अशा कुटुंबांची कागदपत्रे ती गावातून निघण्यापूर्वीच तपासून त्यांच्या नकला सोबत देणे, हे काम कार्यकर्त्याला दिवाळीच्या आगेमागे सहज करता येण्याजोगे आहे.

आता अपघात झाल्यावर पहिल्या काही तासांत काय करावे, ते पाहू. त्या तासांवर पुढील अनेक वर्षांचे अर्थकारण अवलंबून असते. वाचलेला अंगठा आणि गेलेला अंगठा यांत शेतकऱ्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. यंत्र प्रथम बंद करावे. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे व हात वर उचललेला ठेवावा. हळद, चुना, माती, रॉकेल यांपैकी काहीही जखमेत भरू नये. त्यामुळे रक्त थांबल्याचा भास होतो, पण जखम चिघळते आणि बोटाऐवजी पंजा काढावा लागतो. बोट तुटून पडले असल्यास ते ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावे, पिशवीचे तोंड बांधावे आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवून जखमीबरोबर पाठवावी. बोट थेट बर्फावर ठेवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ज्या रुग्णालयात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू आहे तेथेच शक्यतो न्यावे. या योजनेत दर कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचाराची तरतूद करण्याचा निर्णय २०२३ साली झाला आहे. जवळचा खाजगी दवाखाना गाठून, दोन दिवसांनी पैसे संपल्यावर योजनेचे रुग्णालय शोधणारी कुटुंबे थोडी नाहीत.

दवाखान्यात अपघाताचे खरे कारण सांगावे, हा मुद्दा किरकोळ वाटतो. परंतु कित्येक अर्ज नेमके येथेच अडतात. पोलिसांची कटकट नको किंवा यंत्रमालकाला त्रास नको म्हणून ‘पडून लागले’ असे सांगितले जाते, डॉक्टर तसेच लिहितात, आणि पुढे मळणीयंत्राच्या अपघाताबद्दल साहाय्य मागताना पहिला कागदच अर्जदाराच्या विरुद्ध बोलतो. मालक नात्यातला असतो, पुढच्या वर्षी त्याचेच यंत्र लागणार असते, हेही खरे. तरीसुद्धा पोलीस ठाण्यातील नोंद, पंचनामा आणि रुग्णालयातील नोंद या तीन गोष्टी त्याच आठवड्यात झाल्या पाहिजेत.

महाराष्ट्रात खातेदार शेतकऱ्यांसाठी अपघात विम्याची योजना २००५-०६ पासून होती. पुढे तिला गोपीनाथ मुंडे यांचे नाव देण्यात आले. विमा कंपन्यांकडून दावे नाकारले जाणे व रेंगाळणे या तक्रारी वाढल्यावर १९ एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने विमा कंपनीचा दुवा काढून टाकण्यात आला व ‘गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना’ सुरू झाली. तीनुसार अपघाती मृत्यू, दोन डोळे किंवा दोन अवयव निकामी होणे, अथवा एक डोळा व एक अवयव निकामी होणे यांस २ लाख रुपये आणि एक डोळा किंवा एक अवयव निकामी झाल्यास १ लाख रुपये साहाय्य ठरविले आहे. १० ते ७५ वर्षे वयाचा खातेदार आणि खातेदार म्हणून नोंद नसलेला त्याच्या कुटुंबातील एक सदस्य यांना तिचा लाभ आहे. प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत द्यावयाचा असतो. दुःखात असलेल्या घराला ३० दिवस कसे निघून जातात ते समजत नाही, म्हणून ही तारीख कार्यकर्त्याने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवावी.

दुसरी योजना प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना होय. ती २०१५ साली सुरू झाली. १८ ते ७० वर्षे वयाच्या कोणाही बँक-खातेदाराला तीत भाग घेता येतो. वर्षाचा हप्ता आधी १२ रुपये होता, तो १ जून २०२२ पासून २० रुपये झाला. एक हात, एक पाय किंवा एक डोळा कायमचा गेल्यास १ लाख आणि संपूर्ण कायम अपंगत्व किंवा मृत्यू आल्यास २ लाख रुपये मिळतात.

वरील उदाहरणातील शेतकऱ्याला दोन्ही योजनांचा लाभ मिळाला तर २ लाख रुपये हातात येतील. एकूण नुकसानीच्या निम्म्याहूनही ते कमीच. पण ते कधी येतात यावर त्यांची किंमत ठरते. पहिल्या चार-पाच महिन्यांत आले तर सावकाराचे ६०,००० रुपये फिटतील व पुढील सारे व्याज वाचेल. कदाचित बैलही राहतील आणि भावाच्या किंवा मुलाच्या हाताखाली औत चालू राहील. तेच पैसे दीड वर्षाने आले तर ते व्याजात आणि थकबाकीत विरून जातात. कागद एका टेबलावर महिनाभर पडून राहिला तर त्या दिरंगाईचा आकार या कुटुंबाला महिन्याला १,८०० रुपये व्याजाच्या रूपाने पडतो, हे अर्ज हाताळणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे.

येथे एक उणीव स्पष्टपणे सांगितली पाहिजे. अनुदान योजना सातबाऱ्यावर उभी आहे. मळणीयंत्राच्या तोंडाशी उभा राहून पेंढ्या सारणारा माणूस मात्र पुष्कळदा भूमिहीन मजूर असतो. धोका त्याचा, आणि योजना मालकाची, असा हा उलटा न्याय आहे. अशा मजुरासाठी २० रुपयांचा विमा हाच सर्वांत जवळचा आधार ठरतो. याशिवाय कायद्याचाही आधार आहे. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात ट्रॅक्टर अथवा यंत्रशक्तीवर वा विजेवर चालणाऱ्या साधनांनी होणाऱ्या शेतीतील कामगारांचा उल्लेख होता. हा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये समाविष्ट झाला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. मळणीयंत्रांसाठी तर १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा स्वतंत्र केंद्रीय कायदा झाला. गव्हाच्या मळणीत पंजाब व उत्तरेकडील भागांत मोठ्या संख्येने हात तुटू लागल्याची ती पार्श्वभूमी होती. जखमी मजुराला भरपाई देणे हा त्या कायद्याचा घोषित हेतूच आहे. मजुराला हे ठाऊक नसते आणि मालकाला ते ठाऊक करून घ्यावेसे वाटत नाही.

भरपाई ठरविताना अपंगत्वाची टक्केवारी काढतात. १९२३ च्या कायद्याच्या परिशिष्टात एक पंजा गेल्यास मिळकतीची क्षमता ६० टक्के आणि एक अंगठा गेल्यास ३० टक्के कमी झाली असे धरले होते. कचेरीत बसून काम करणाऱ्याला हे प्रमाण जास्त वाटेल, कोयता धरणाऱ्याला ते अपुरे आहे. अंगठ्यावाचून खुरपे, विळा, कासरा यांपैकी काहीच घट्ट धरता येत नाही. मोटार अपघाताच्या दाव्यात राजकुमार विरुद्ध अजयकुमार या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली हाच भेद स्पष्ट केला. शरीराच्या अपंगत्वाची टक्केवारी आणि मिळकतीचे नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी असून, त्या व्यक्तीचा व्यवसाय पाहून नुकसान ठरविले पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या अपघातातील जखमींचे दावे करताना हा निर्णय वकिलाच्या नजरेस आणून द्यावा.

पैशाइतकेच महत्त्व माणूस पुन्हा कामाला लागण्याला आहे. पाय गमावलेल्या शेतकऱ्याच्या बाबतीत आशेला बरीच जागा आहे. जयपूर येथे १९६८ च्या सुमारास रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी विकसित केलेला कृत्रिम पाय घालून अनवाणी चालता येते, उकिडवे बसता येते आणि चिखलातही काम करता येते. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ मध्ये सैनिकांसाठी स्थापन झाले व १९५१ पासून नागरिकांनाही खुले झाले. मुंबईस हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. पाय बसविण्यास उशीर करू नये. कुबडीवर वर्ष गेले की स्नायू आखडतात आणि मनही खचते. हाताची गोष्ट मात्र निराळी. कृत्रिम हाताने कोयता चालत नाही, हे प्रथमच सांगून टाकावे. अशा माणसाचे काम बदलावे लागते. शेळ्या, कोंबड्या, दुधाचा व्यवसाय, रोपवाटिका किंवा सोसायटीच्या गोदामातील नोंदी यांकडे तो वळू शकतो. किमान ४० टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि दिव्यांग ओळखपत्र मिळाले की साहाय्याच्या इतर योजनांचीही दारे उघडतात. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करावयाचा असतो.

हे सारे अपघातानंतरचे झाले. मळणीयंत्र भाड्याने आणताना त्याच्या तोंडाची नळी पाहून घ्यावी. भारतीय मानकानुसार ती किमान ९० सेंटिमीटर लांब असावी आणि त्यांपैकी ४५ सेंटिमीटर भाग वरून झाकलेला असावा, म्हणजे माणसाचा हात ड्रमपर्यंत पोहोचतच नाही. काम लवकर उरकावे म्हणून ही नळी काढून ठेवण्याची खोड अनेक यंत्रमालकांना आहे. अशा यंत्रावर मळणी घेऊ नये. धोतराचा सोगा, पदर, सैल बाह्या व बांगड्या आवरून काम करावे, पेंढ्या सारणारा माणूस दर दोन तासांनी बदलावा, आणि रात्री उशिरापर्यंत दिव्याच्या अंधुक उजेडात मळणी चालवू नये.

विम्याचे वर्ष १ जून ते ३१ मे असे असते आणि हप्त्याचे २० रुपये बँक मे महिन्याच्या अखेरीस खात्यातून आपोआप वळते करून घेते. खात्यात त्या दिवशी २० रुपये नसतील तर विमा खंडित होतो व खातेदाराला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून १५ मेच्या सुमारास गावातील मजुरांची आणि ऊसतोडणीहून परतलेल्या कुटुंबांची पासबुके एकत्र पाहून घ्यावीत, ज्यांचा हप्ता मागील वर्षी कापला गेला नाही त्यांची यादी करावी आणि ती २५ मेपूर्वी बँकेच्या शाखेत किंवा बँक मित्राकडे पोहोचती करावी.